एका फडाची वाटणी

१८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ साठे गेले. त्यानंतर बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. अण्णाभाऊंना एकोणपन्नास पूर्ण व्हायला दोन आठवडे बाकी होते. अमर शेख त्रेपन्नाव्या वर्षात होते. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड ज्या हाताने लिहिली तो हात आणि ज्या गळ्याने ती महाराष्ट्रभर नेली तो गळा, दोन्ही दीड महिन्याच्या आत थांबले.

आज या दोघांच्या जयंत्या वेगवेगळ्या गल्ल्यांत होतात. १ ऑगस्टला एका वस्तीत कमान लागते, मिरवणूक निघते, व्याख्यान होतं. २० ऑक्टोबरला मोजकी माणसं जमतात, कधी जमतही नाहीत. दोघांच्या सोबतीला उभे असलेले तिसरे शाहीर दत्ता गव्हाणकर यांची जयंती कधी असते, हे विचारलं तर चांगले वाचणारे लोकही गप्प होतात. तिघांचा फड एक होता. त्याची वाटणी आपण केली. ती कशी झाली आणि त्यात आपलं काय गेलं, हे या लेखात पाहायचं आहे.

बार्शीचा मेहबूब

अमर शेख यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी. आमचं वैराग याच बार्शी तालुक्यातलं. बार्शी-सोलापूर रस्त्याने एसटीत बसलं की तासाभराच्या आत माणूस त्यांच्या जन्मगावी पोहोचतो. बार्शी तेव्हाही साधं खेडं नव्हतं. १८९७ साली इथे छोट्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे आली. धान्याची बाजारपेठ वाढली, कापडाची गिरणी उभी राहिली. भगवंताच्या मंदिराचं गाव आता भोंग्याचंही गाव झालं. आजूबाजूच्या दुष्काळी भागातली माणसं कामासाठी इथे येऊ लागली.

मेहबूबचं घर गरीब होतं. पोटासाठी त्याने मोटारीवर क्लीनरचं काम केलं, गिरणीत काम केलं. आईचं नाव मुनेरबी. जात्यावर बसली की ओव्या गायची. हे वाक्य अमर शेख यांच्या प्रत्येक चरित्रात असतं आणि वाचणारे ते भरकन ओलांडून पुढे जातात. मला तिथे थोडं थांबावंसं वाटतं. मुनेरबी नावाची एक मुसलमान बाई मराठीत ओव्या गाते, यात तिच्या शेजारणींना काही नवल वाटत नसणार. आपल्या भागातल्या कितीतरी मुसलमान घरांत आजही दखनी आणि मराठी एकाच वाक्यात येतात. दुवा एका भाषेत, दळण दुसऱ्या भाषेत आणि भांडण दोन्ही भाषांत. मराठी ही आमच्या घरी पाहुणी म्हणून आली नाही. ती जात्यापाशीच होती.

गिरणीतल्या कामगारांच्या लढ्यात हा तरुण पुढे आला, तुरुंगात गेला. विसापूरच्या तुरुंगात त्याला कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकरांचा सहवास मिळाला आणि तो कम्युनिस्ट विचारांकडे वळला. हे विसापूर श्रीगोंदा तालुक्यातलं. म्हणजे ‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या सूफी संत शेख महंमदांच्या तालुक्यातलं. इतिहास असे योग मुद्दाम जुळवत नाही. पण मराठीत लिहिणाऱ्या एका शेखाची समाधी असलेल्या मुलखात मराठीत गाणाऱ्या दुसऱ्या शेखाला आपली वाट सापडली, एवढं नोंदवायला हरकत नाही.

तिथून पुढे कोल्हापूर. मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काम करताना ‘अमर शेख’ हे नाव रूढ झालं. ‘अमर’ संस्कृत, ‘शेख’ अरबी. मेहबूब पटेल यांना त्यांच्या कामाने मिळालेलं हे नाव पुढे त्यांच्या कामाचंच वर्णन ठरलं.

वाटेगावचा तुकाराम

दुसरे शाहीर तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे आपले अण्णाभाऊ. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाळवे तालुक्यातलं वाटेगाव. हा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, आता सांगलीत आहे. मांग समाजात जन्म, शाळा नावापुरती. दुष्काळ आणि गरिबी मागे टाकून हे कुटुंब वाटेगावहून मुंबईपर्यंत पायी गेलं. मुंबईत त्यांनी मिळेल ते काम केलं, दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचत अक्षरओळख वाढवली, गिरणीत राबले. मधल्या काळात गावी परतले तेव्हा नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात वावरले. वाद्यं हाताळली, सोंगं काढली, रात्ररात्र बसलेला प्रेक्षक कशाने हसतो आणि कशाने उठून जातो हे जवळून पाहिलं.

माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहत असताना त्यांनी रचलेलं सुरुवातीचं गाणं मच्छरांवर होतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. क्रांतीवरचं गाणं कुणीही लिहायला घेतो. रात्रभर ज्याला डास फोडून काढतात त्याच माणसाला सकाळी त्या डासांवरचं गाणं ऐकवून हसवायचं, हे मात्र फडात तयार झालेल्या माणसाचं काम आहे. दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडची लढाई झाली तेव्हा याच माणसाने त्यावर पोवाडा रचला. लेबर कॅम्पचा मच्छर आणि व्होल्गाकाठची लढाई, दोन्ही विषय त्यांनी एकाच डफावर घेतले.

तिसरे दत्ता गव्हाणकर. स्वतः रचणारे, स्वतः गाणारे. हे तिघे आणि त्यांचे साथीदार यांचं मिळून १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं.

जोडीने गाण्याची जुनी रीत

‘कलापथक’ हा शब्द नवा होता, पण त्यामागची रीत नवी नव्हती. मराठी शाहिरीत एकट्याने काही होतच नाही. शाहीर डफावर थाप मारतो, शेजारी तुणतुणं वाजतं, मागे झीलकरी ‘जी जी’ करत ओळ उचलून धरतात. उर्दूच्या बाजूने पाहिलं तर कव्वालीतही हेच होतं. मुख्य कव्वाल एक, पण त्याच्या हमनवांनी मिसरा उचलला नाही तर मैफल जागच्या जागी बसते. झीलकरी आणि हमनवा हे सख्खे भाऊ आहेत.

पेशवाईच्या अखेरच्या काळातली होनाजी-बाळा ही जोडी सगळ्यांना माहीत आहे. व्ही. शांताराम यांच्या १९५१ सालच्या ‘अमर भूपाळी’मुळे ती घराघरांत पोहोचली. होनाजी शिलारखाने रचायचा, बाळा कारंजकर गायचा. लोकांनी दोघांचं मिळून एकच नाव केलं. आजही कितीतरी लोकांना होनाजी-बाळा हा एकच माणूस वाटतो. सहकार्याला याहून मोठी पावती नाही.

त्याच काळात सगनभाऊ होता. धर्माने मुसलमान, धंद्याने शिकलगार. दिवसा हत्यारांना धार लावायची आणि रात्री लावणीला. आमच्या सोलापूरचे राम जोशी वैदिक ब्राह्मणाच्या घरातून फडावर आले. गवळी, शिकलगार, ब्राह्मण, गोंधळी असे सगळे या एका कलेत होते. कुणाचा जन्म कुठला हे श्रोत्यांना ठाऊक असायचं, पण लावणी रंगली की नाही हा हिशेब वेगळा असायचा. लाल बावटा कलापथकाने ही जुनी रीत उचलली आणि तिला गिरणगावात आणून नवा विषय दिला.

फड कसा चालायचा

१९४३ मध्ये मुंबईत इप्टा, म्हणजे भारतीय जननाट्य संघ, स्थापन झाला. बंगालात त्या वर्षी भीषण दुष्काळ पडला होता आणि त्याच्या बातम्यांनी देशभरातले कलावंत हादरले होते. अण्णाभाऊंनी बंगालवर पोवाडा रचला. याच चळवळीत उर्दूतले कैफी आझमी आणि अली सरदार जाफरी होते. उर्दूच्या तासाला कैफी शिकवायचे आणि मराठीच्या तासाला अण्णाभाऊ, असं आम्हा शिक्षकांना करावं लागतं. दोन विषय, दोन पुस्तकं, मध्ये घंटा. पण ही माणसं एकाच शहरात, एकाच चळवळीत, एकाच प्रकारच्या श्रोत्यांपुढे उभी राहत होती. ती घंटा आपण वाजवलेली आहे.

कलापथकाचं व्यासपीठ म्हणजे गिरणीचं फाटक, चाळीचं पटांगण, परळचं कामगार मैदान, किसान सभेचा मांडव. श्रोता पाळी संपवून आलेला असायचा, अंगात थकवा, घरी जायची घाई. त्याला धरून ठेवायचं तर भाषण चालत नाही. तिथे डफाची पहिली थापच काम करते.

कामाची वाटणी अंगच्या गुणांप्रमाणे होई. अण्णाभाऊंकडे शब्द होता आणि फडात मुरलेली सोंगाड्याची नजर होती. अमर शेख यांच्याकडे आवाज होता. त्याला सगळे ‘पहाडी’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ नुसता मोठा असा नाही. डोंगरावरून हाक मारली तर ती खालच्या वाडीत शब्दासकट पोहोचली पाहिजे. मैदानात शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळला पाहिजे, कारण पोवाड्यात शब्दच कथा सांगतो. अमर शेख स्वतः उत्तम कवी होते. ‘अमरगीत’, ‘कलश’, ‘धरतीमाता’ ही त्यांची पुस्तकं आहेत. तरीही मित्राने रचलेलं गाणं ते स्वतःचं असल्यासारखं गात. स्वतः लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या ओळीसाठी आपला गळा खर्च करणं सोपं नसतं. कविसंमेलनात बसलेल्या कुणालाही हे पटेल.

तमाशाच्या रचनेतही त्यांनी बदल केला. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, मग वग, असा जुना क्रम. अण्णाभाऊंनी गणात गणपतीच्या जागी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणलं, गवळण वगळली आणि वगात सावकार, शेटजी, निवडणूक, काळा बाजार आणला. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ या नावांवरूनच विषय कळतो. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याच्या सरकारने तमाशावर बंधनं आणली, कलापथकाच्या कार्यक्रमांवरही बंदीची कुऱ्हाड आली. तेव्हा अण्णाभाऊंनी आपल्या वगांना ‘लोकनाट्य’ म्हणायला सुरुवात केली. बंदी तमाशाला होती, लोकनाट्याला नव्हती. आज विद्यापीठात लोकनाट्य हा शब्द मोठ्या मानाने उच्चारला जातो. तो पोलिसांच्या कागदातून वाट काढताना रुळला, हे विसरता कामा नये.

एका मैनेची गोष्ट

या सगळ्या सहकार्याचं शिखर म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली ‘माझी मैना’. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. पुढची साडेचार वर्षं, १ मे १९६० पर्यंत, महाराष्ट्र सभांनी आणि शाहिरांच्या डफांनी दुमदुमत होता. या लढ्यात शंभरावर माणसांनी प्राण दिले. त्या काळात ही छक्कड गाजली.

तिची ताकद कशात आहे हे नीट पाहिलं पाहिजे. सुरुवातीला ती साधी विरहाची लावणी आहे. पोटासाठी मुंबईला आलेला एक माणूस गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. तिचं रूप, तिचे दागिने, निघतानाचा तिचा चेहरा. गिरणगावातल्या खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसं राहत आणि बहुतेकांच्या बायका गावी असत. त्या श्रोत्याला हे गाणं सांगावं लागत नव्हतं, ते त्याच्या काळजातच होतं. मग गाणं मुंबई दाखवतं, तिथली श्रीमंती आणि तिथली उपासमार शेजारी शेजारी. आणि मग, कळायच्या आत, मैनेचा अर्थ बदलतो. गावावर राहिलेली मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तुटलेला मुलूख होतो, बेळगाव, कारवार, निपाणीचा सीमाभाग होतो. आपल्या बायकोच्या आठवणीने डोळे ओले झालेला कामगार त्याच ओल्या डोळ्यांनी राज्याच्या नकाशाकडे पाहू लागतो.

भाषावार प्रांतरचनेवर मोठमोठे अहवाल निघाले, ठराव झाले. त्यातला किती भाग गिरणी कामगाराच्या लक्षात राहिला? ही छक्कड राहिली. ती लिहिली एका मांगाच्या पोराने आणि महाराष्ट्रभर गायली एका मुसलमानाने. मराठी राज्याच्या मागणीला सर्वात खोलवर पोहोचलेला आवाज या दोघांचा होता. मराठी कोण आणि उपरा कोण याचे दाखले आज जे वाटत फिरतात, त्यांनी हे एकदा शांतपणे ऐकावं.

लंडनमधली एक तबकडी

थोडं बाहेर पाहू. १९६४ साली लंडनमध्ये डेक्का कंपनीने एक तबकडी काढली, ‘फोक रूट्स, न्यू रूट्स’. अर्थ असा की लोकगीताची मुळं जुनी, वाटा नव्या. तिच्यावर दोन नावं होती. शर्ली कॉलिन्स ही दक्षिण इंग्लंडच्या ससेक्स भागातली गायिका. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली गावाकडची गाणी साध्या, सरळ गळ्याने म्हणणारी. डेव्ही ग्रॅहम गिटार वाजवणारा. त्याची आई दक्षिण अमेरिकेतल्या गयानाची, वडील स्कॉटलंडचे. तो मोरोक्कोत राहून आला होता. तिथलं अरबी संगीत, तिथल्या ऊदचे सूर त्याच्या कानात होते आणि त्यांच्याशी जुळवून घेता यावं म्हणून त्याने गिटारच्या तारा वेगळ्या पद्धतीने लावल्या. इंग्लंडच्या खेड्यातलं गाणं आणि मोरोक्कोच्या बाजारातला सूर एका तबकडीत बसले.

ती तबकडी फार खपली नाही. पण पुढे इंग्लंडमध्ये लोकगीत आणि नवं विजेचं वाद्य यांचं मिश्रण करून जे संगीत उभं राहिलं, त्याचा इतिहास सांगताना लोक या तबकडीपाशी येऊन थांबतात. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या गटाची ‘लीज अँड लीफ’ ही त्या प्रवाहातली प्रसिद्ध तबकडी डिसेंबर १९६९ मध्ये आली. म्हणजे आपले दोन शाहीर ज्या वर्षी गेले त्याच वर्षी.

ही तुलना कुणाला मोठं-लहान ठरवण्यासाठी केलेली नाही. लाल बावटा कलापथक वीस वर्षं आधीचं आहे आणि त्याचा श्रोता कितीतरी मोठा होता. मुद्दा वेगळा आहे. शर्ली आणि डेव्ही यांनी एकत्र केलेल्या कामाला एक पुठ्ठा होता. त्या पुठ्ठ्यावर दोघांची नावं शेजारी शेजारी छापलेली होती. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, तरी त्या नावांना कुणी वेगळं करू शकलं नाही. ज्याच्या हातात ती तबकडी येते त्याच्या हातात दोघं येतात.

आपल्या तिघांच्या कामाला असा पुठ्ठा मिळाला नाही. त्यांचं एकत्र काम मैदानात झालं, रात्री झालं आणि सकाळी पाळीच्या भोंग्याबरोबर विरून गेलं. मागे राहिली ती ज्याची त्याची पुस्तकं. ‘फकिरा’वर अण्णाभाऊंचं नाव आहे. ‘कलश’वर अमर शेख यांचं आहे. लाल बावटा कलापथकाचं असं, तिघांची नावं एका पानावर असलेलं, घरातल्या फडताळात ठेवता येईल असं काही आपल्या हाती पडलं नाही. पुस्तकं एकेकट्याची असली की आठवणीही एकेकट्याच्या होतात. आणि एकेकट्या आठवणीची वाटणी करणं सोपं असतं.

वाटणी

ही वाटणी कुणी एकाने बसून केली नाही. ज्याला कुणी विचारत नाही त्याला त्याचा समाज जपतो. मातंग समाजाने अण्णाभाऊंना जपलं नसतं तर बाकीच्यांनी जपलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो आणि उत्तर माझ्या सोयीचं येत नाही. त्या समाजाने वस्तीवस्तीत त्यांचं नाव जिवंत ठेवलं. त्यांच्या नावाने महामंडळ झालं, २००२ साली टपाल तिकीट निघालं, २०२२ साली मॉस्कोत पुतळा उभा राहिला. हे सगळं त्यांच्या हक्काचं होतं आणि ते मिळवावं लागलं. तक्रार तिथे नाही.

तक्रार बाकीच्यांबद्दल आहे, आणि त्यात पहिले आम्ही आहोत. मुसलमानांनी अमर शेख यांना जपलं का? सरळ बोलायचं तर नाही. ते कम्युनिस्ट होते, डफ घेऊन गात होते, त्यांचं लग्न कुसुम जयकर यांच्याशी झालेलं. आपल्या लोकांना ते पुरते आपले वाटले नाहीत. आणि बाकीच्या महाराष्ट्राला ते आपले वाटले, पण एका शब्दाच्या अटीवर. तो शब्द ‘असूनही’. मुसलमान असूनही मराठीवर इतकं प्रेम. मुसलमान असूनही संयुक्त महाराष्ट्रासाठी लढले. अमर शेख यांच्यावरच्या भाषणांत आणि लेखांत हा शब्द मला वारंवार भेटतो. कौतुक करणाऱ्याच्या मनात खोट नसते, हे मला ठाऊक आहे. पण ‘असूनही’ म्हणताना आपण गृहीत धरतो की एरवी असं होत नाही. मुनेरबीच्या ओव्या, सगनभाऊची लावणी, शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ हे सगळं त्या एका शब्दाखाली अपवाद होऊन जातं. चारशे वर्षं चालत आलेल्या गोष्टीला अपवाद कसं म्हणायचं?

व्याकरणाच्या तासाला मी मुलांना उभयान्वयी अव्ययं शिकवतो, दोन वाक्यांना जोडणारी. ‘आणि’ हे तसं एक अव्यय. अमर शेख मुसलमान होते आणि मराठीचे शाहीर होते. वाक्य एवढंच आहे. ते पुरतं.

गव्हाणकरांच्या वाट्याला हेही आलं नाही. ‘अमर शेख, अण्णाभाऊ साठे व गव्हाणकर’ या यादीत शेवटच्या ‘व’नंतर येणारं नाव, एवढीच त्यांची ओळख उरली. त्यांच्यामागे जयंतीची कमान बांधणारं कुणी उभं राहिलं नाही. कलापथकाला मात्र ते कधीच तिसरे नव्हते. फडात तिसरा असा कुणी नसतोच, झील धरणारा एक कमी झाला तरी पोवाडा पडतो.

काय करता येईल

काही कामं झाली आहेत. मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावाचं अध्यासन आहे. अण्णाभाऊंचं निवडक वाङ्मय महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये काढलं. अमर शेख यांच्या कन्या मलिका अमर शेख यांनी कवितेत स्वतःची वाट काढली आणि १९८४ साली आलेलं त्यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन मराठीत मैलाचा दगड ठरलं. हा वारसा संपलेला नाही.

पण तो जोडायचा असेल तर मोठ्या संस्थांकडे पाहत बसण्याची गरज नाही. आमच्या वैराग-बार्शी भागात त्या काळची रात्रीची सभा ऐकलेली फार थोडी माणसं आता उरली असतील. त्यांच्या मुलांना, नातवंडांना घरात ऐकलेल्या ओळी ठाऊक असतात, चाली ठाऊक असतात. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांनी त्यांना बसवून गायला लावावं आणि ते ध्वनिमुद्रित करून ठेवावं. कुणी रचलं, कुणी गायलं, कुठे ऐकलं, हे तिन्ही विचारून ठेवावं. जो पुठ्ठा तेव्हा मिळाला नाही तो असाच मिळेल.

दुसरी गोष्ट शाळांची. १ ऑगस्टला अण्णाभाऊंवर भाषण होतंच. त्या दिवशी ‘माझी मैना’ची गोष्ट सांगताना ती गाणाऱ्याचं नावही सांगावं, तो आपल्या बार्शीचा हेही सांगावं. २० ऑक्टोबरला अमर शेख यांच्याबद्दल बोलताना अण्णाभाऊंच्या वगातला एखादा प्रवेश मुलांकडून करून घ्यावा. आणि दोन्ही दिवशी फळ्यावर तीन नावं लिहावीत. क्रम कोणताही चालेल, मध्ये फक्त ‘आणि’ असू द्या.